खानेसुमारीत न गवसणारे घर

‘खानेसुमारी’ हा शब्द जुन्या मराठी दप्तरांना सुपरिचित आहे. खाना म्हणजे घर आणि सुमार म्हणजे मोजणी. तथापि एकोणिसाव्या शतकातील इंदूरच्या एखाद्या मराठी कुटुंबाचा मागोवा घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकास खानेसुमारीच्या अहवालांत संख्या मिळतात; घर मिळत नाही.

इंग्लंडमधील स्थिती निराळी आहे. तेथे १८४१ पासूनच्या नावनिशीवार नोंदी बहुतांशी जतन झाल्या. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी असलेले नातेही लिहिले जाऊ लागले. शंभर वर्षांनी या नोंदी खुल्या होत असल्याने व्हिक्टोरिया राणीच्या काळातील साध्या विणकराचे घरही दर दहा वर्षांनी संशोधकास पुन्हा भेटते.

हिंदुस्थानात १७ फेब्रुवारी १८८१ रोजी पहिली एककालिक खानेसुमारी झाली. गणकांनी घरोघर नोंदी केल्या. परंतु बेरजा होऊन कोष्टके छापली गेल्यावर मूळ याद्यांची गरज सरली आणि त्या राखल्या गेल्या नाहीत. स्त्रीचे नाव सांगण्यास घरची मंडळी नाखूष असल्यास केवळ ‘स्त्री’ असे लिहिण्याचीही मुभा होती. सरदार माधवराव विनायक किबे यांचा जन्म १८७७ चा. पुढे १९२६ च्या मुंबई साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारा हा पुरुष १८८१ च्या कोष्टकांत बालकांच्या संख्येतील केवळ एक आकडा आहे.

या उणिवेचे गांभीर्य १९०१ च्या आकड्यांत दिसते. मध्य भारताच्या त्या खानेसुमारीचे काम कॅप्टन लुआर्ड यांच्याकडे होते. १८९१ मध्ये सुमारे ११ लाख असलेली होळकर राज्याची लोकसंख्या १९०१ मध्ये ८,५०,६९० वर आली. मधल्या काळात छप्पनचा भीषण दुष्काळ येऊन गेला होता. सुमारे अडीच लाख माणसे उणी झाली, हे कोष्टक सांगते. कोणत्या घरांना कायमची कुलुपे लागली, हे ते सांगू शकत नाही.

मग घर शोधावे कोठे? १८१८ च्या मंदसोर तहानंतर इंदूर राजधानी झाले आणि दक्षिणेतून आलेली अनेक कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांचे धागे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडतात. मूळ गाव, पित्याचे व आज्याचे नाव, भाऊ, मुलगे अशी माहिती यजमान स्वतः लिहून देत असे. जन्मपत्रिका, इनामांच्या सनदा, लग्नातील देण्याघेण्याच्या याद्या व कुलवृत्तान्त यांची जोड दिली की घराचा आराखडा उभा राहतो.

या साधनांनाही मर्यादा आहेत. सनद सरदाराच्या घरी असते, त्याच्या मोतद्दाराच्या घरी नसते. विवाहात नाव बदलल्याने एकच स्त्री माहेरच्या व सासरच्या कागदांत दोन भिन्न व्यक्ती भासते. दोन्ही घरांचे कागद शेजारी ठेवल्याविना तिची ओळख पटत नाही.

स्वतंत्र भारतातही १९४८ च्या जनगणना कायद्यान्वये व्यक्तिगत नोंदी पाहण्यास खुल्या नाहीत. म्हणून जुन्या ग्रंथालयांतील सभासदांच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या आणि देणगीदाखल आलेल्या पोथ्यांच्या मलपृष्ठांवरील नावे यांचे मोल मोठे आहे. वाळवी लागण्यापूर्वी त्यांच्या नकला होणे अगत्याचे आहे. कित्येक घरांचा पत्ता केवळ तेथेच शिल्लक आहे.