कर्ण्याने घडवलेलं गाणं

आमच्या राणीसावरगावात खांबावर चढवलेल्या लाऊडस्पीकरला कर्णाच म्हणतात. मूळचा कर्णा म्हणजे फुंकून वाजवायचं लांब पितळी वाद्य. ग्रामोफोन आला तेव्हा लोकांनी त्याच्या भोंग्याला हेच घरचं नाव दिलं. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मात्र हा कर्णा उलटा होता. तो ऐकवत नव्हता, ऐकत होता.

नोव्हेंबर १९०२मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने कोलकात्यात गायिका गौहरजानला अशा कर्ण्यापुढे बसवलं. मायक्रोफोन नव्हता. गळ्यातल्या आवाजानेच पडदा थरथरायचा आणि सुई मेणावर रेघ कोरायची. म्हणून तोंड कर्ण्याजवळ नेऊन खड्या, धारदार आवाजात गायचं. तंबोऱ्याचा झंकार वाटेतच विरायचा. शेवटी गौहरजान इंग्रजीत आपलं नाव पुकारायची, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. गाणारी कोण, हे तिथल्या कारागिरांना कळायला हवं!

दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तासभर फुलणारा ख्याल तेवढ्यात कसा मावणार? आलाप आखडले, मुखडा लगेच आला, ताना धावू लागल्या. काही बुजुर्ग या यंत्रापासून दूरच राहिले. १९२२मध्ये गेलेल्या भास्करबुवा बखल्यांचा आवाज एकाही तबकडीत उरला नाही, याची हळहळ जात नाही. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी मात्र त्याच तीन मिनिटांत झिंझोटीची ठुमरी अशी निवांत गायली की घड्याळाचा विसर पडावा. तो संयम मला कुठल्याही तानेपेक्षा मोठा वाटतो.

१९२५नंतर विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि मायक्रोफोनने हळव्या, दबक्या आवाजालाही जागा दिली. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी १९३०च्या दशकाच्या आरंभी तबकडीवर गायली. कानाशी बोलावं तसं ते गाणं. मराठी भावगीताची वाट तिथून रुंदावली. तीन मिनिटं आणि मायक्रोफोन, हेच त्याचे आईबाप, असं माझं मत आहे.

आमच्याकडच्या देवीच्या गोंधळाला अशी तीन मिनिटांची वेळ कुणी बांधून दिलेली नाही. दिवटी पेटते, गण होतो, गावोगावच्या देवांना आवतण जातं, मग आख्यान, आणि आरतीपर्यंत पहाट होते. त्यातलंच एखादं पद खांबावरच्या कर्ण्यातून येतं तेव्हा आवतण गळालेलं असतं. संबळाचा एक तुकडा, दोन कडवी, आणि लगेच पुढचं गाणं.