अॅनेफो संग्रह : डच फुटबॉलची मुक्त छायाचित्रे

'अॅनेफो' ही नेदरलँड्समधील वृत्तछायाचित्रसंस्था. तिचा १९४५ ते १९८९ या काळातील संग्रह हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन करण्यात आला आहे. अभिलेखागाराने हक्कमुक्त केलेली त्यातील छायाचित्रे कोणालाही विनाशुल्क, विनापरवानगी छापता येतात. छायाचित्रकाराचा नामोल्लेखही बंधनकारक नाही; तो करणे अर्थातच उचित. देशाच्या फुटबॉल संघाचे अनेक सामने या संग्रहात आहेत. निकालाच्या कोष्टकात न सापडणारे तपशील अशा छायाचित्रांतच दिसतात. १९७४च्या विश्वचषकात, म्युनिकच्या अंतिम सामन्यात हा संघ पश्चिम जर्मनीकडून १-२ असा पराभूत झाला. त्या स्पर्धेतील कर्णधार योहान क्रायफच्या बाह्या पाहाव्यात. सहकाऱ्यांच्या बाहीवर तीन पट्टे, त्याच्या मात्र दोनच! संघाचा पोशाख आदिदासचा होता. क्रायफ प्यूमाशी करारबद्ध होता.