जुन्या डिझेल ट्रकची निगा

जुना डिझेल ट्रक सांभाळण्याची भारतातली रीत मुख्यतः एकाच गाडीभोवती घडली. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बांधायला घेतले. १९६९मध्ये करार संपला, जाळीवरचा मर्सिडीजचा तारा गेला, पण यंत्राची ठेवण फारशी बदलली नाही. त्यामुळे एका गाडीवर हात बसलेल्या मिस्त्रीला पुढची कित्येक वर्षे नव्याने शिकावे लागले नाही. पहिल्या मालकाने विकायला काढलेली गाडी पुष्कळदा एखादा ड्रायव्हरच हप्त्यावर घेई. ती रस्त्यात बंद पडली तर भाडे बुडे आणि हप्ताही थके. निगेला शिस्त आली ती या भीतीतून.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा पेट घेतो. हा फवारा मारणाऱ्या पंपाचे नियमित उत्पादन जर्मनीत बॉशने १९२७मध्ये सुरू केले, आणि त्यानंतरच हे इंजिन रस्त्यावर रुळले. भारतात बंगळूरच्या मायको कंपनीचे पंप घराघरांत नव्हे, पण गॅरेजागॅरेजांत माहीत झाले. पंपातला प्लंजर आणि त्याचे बॅरल यांत जेमतेम काही मायक्रॉनची फट असते. तिथे धूळ किंवा पाणी शिरले की चरे पडतात. नोझल बिघडली की फवाऱ्याऐवजी धार पडते आणि गाडी काळा धूर ओकू लागते. म्हणून डिझेल फिल्टरखालचा बोल्ट सैल करून साचलेले पाणी सोडून देणे हे सकाळचे पहिले काम ठरले.

बाकीची कामे क्लीनरची, म्हणजे ड्रायव्हरच्या मदतनिसाची. तो काठी ओढून ऑइल पाही, रेडिएटरमध्ये पाणी भरी, टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून आवाजावरून हवा ओळखी, स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिनांना ग्रीस देई. ऑइलच्या भांड्याचा एअर क्लीनर हा या काळातला खरा शहाणा भाग म्हणावा लागेल. आत येणारी हवा ऑइलवरून वळे आणि धूळ तिथेच चिकटे. भांड्यात गाळ साचला की तो काढून नवे ऑइल भरायचे, एवढाच खर्च. ज्याने हे टाळले त्याच्या इंजिनाला लवकरच बोअरचे काम निघे.

१९३९च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहू गाड्यांना फिटनेसचा दाखला सक्तीचा केला. या दाखल्याच्या तपासणीआधी, म्हणजे पासिंगच्या आधी, ब्रेक, दिवे, रंग यांची डागडुजी होऊ लागली. खंडेनवमीला गाडी धुऊन पुजली जाई, ती वेगळी.

१ एप्रिल २०२०पासून धुराचे बीएस-६ हे मानक आले. अशा गाड्यांत सर्व नोझलना इंधन पुरवणाऱ्या सामाईक नळीतला, म्हणजे कॉमन रेलमधला, दाब हवेच्या दाबाच्या दीड हजार पटींहून अधिक असतो, धुराड्यात काजळीचा फिल्टर बसला, युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आली. आता नुसत्या कानाने दोष कळत नाही, स्कॅनर लावावा लागतो. पाणी आणि धूळ मात्र अशा पंपाला जुन्याहून अधिक मारक ठरतात. जुना ट्रक घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी ऑइल आणि सगळे फिल्टर बदलावेत व ती तारीख, किलोमीटरसह, वहीत टिपून ठेवावी.