दृढतानिका सीलंट

दृढतानिका सीलंट हा मेंदू व मेरुरज्जू यांच्या शस्त्रक्रियेत टाक्यांवरून दिला जाणारा, शरीरात आपोआप विघटित होणारा लेप आहे. दृढतानिका हे मेंदू व मेरुरज्जू यांच्या तीन आवरणांपैकी सर्वांत बाहेरचे व जाड आवरण होय. तिच्या आत मस्तिष्क-मेरुद्रव असतो. प्रौढ व्यक्तीत तो सुमारे १५० मिलि असून दररोज सुमारे ५०० मिलि नव्याने तयार होतो. टाक्यांच्या छिद्रांतून हा द्रव झिरपत राहिल्यास तीव्र डोकेदुखी होते, जखम भरण्यास विलंब लागतो आणि मस्तिष्कावरणशोथाचा धोका वाढतो.

प्रकार

फायब्रिन सीलंटमध्ये फायब्रिनोजेन व थ्रॉम्बिन हे रक्तातील घटक एकत्र येऊन नैसर्गिक गुठळीसारखे जाळे बनते. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने असे सीलंट बनविण्याचे तंत्र विकसित केले आहे. दुसऱ्या प्रकारात पॉलिएथिलीन ग्लायकॉलयुक्त द्रावण व दुसरे एक द्रावण एकत्र फवारतात व काही सेकंदांत त्यांचे हायड्रोजेल बनते. या प्रकारच्या 'ड्युरासील'ला अमेरिकेत २००५ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळाली. त्यातील निळ्या रंगामुळे थराची जाडी दिसते. पाण्यामुळे रेणूंचे बंध तुटून काही आठवड्यांत हा थर शोषला जातो. तोवर आवरण सांधून येते.

मर्यादा

सीलंट टाक्यांना पूरक असतो, पर्याय नव्हे. हायड्रोजेल पाणी शोषून फुगते. त्यामुळे मणक्यांच्या अरुंद पोकळीत जाड थर दिल्यास मेरुरज्जू व चेतामुळांवर दाब येऊ शकतो.