पंचाच्या माथ्यावरील भार

१८८७ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात जॉर्ज हॅन्कॉक यांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट झाली, आणि बेसबॉलचे धाकटे भावंड असा सॉफ्टबॉल जन्मास आला. अशा घरगुती खेळात न्याय देणे फारसे जड नव्हते. पुढे १९३३ मध्ये त्याच शहरातील जागतिक प्रदर्शनात मोठी स्पर्धा भरली. १९६५ मध्ये मेलबर्न येथे स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९९६ मध्ये अटलांटा येथे खेळास ऑलिंपिकचा मान लाभला.

खेळ थोर झाला. गावोगावचा पंच मात्र हौशीच राहिला. आठवडाभर पोटाचा उद्योग करावा आणि सुटीच्या दिवशी जाळीचा मुखवटा चढवून एकामागून एक सामने निवाडावेत, हा त्याचा क्रम. सात डावांच्या सामन्यात खेळाडू आळीपाळीने विसावतात. पंचास दोन्ही पक्षांच्या प्रत्येक चेंडूसाठी वाकावे लागते. जलद चेंडू तर अर्ध्या सेकंदाच्या आत येऊन ठेपतो. सायंकाळी त्याची नजर चुकली, की दूषणे त्यालाच!

म्हणून चालकांस विनंती की, संघ वाढविताना पंचही वाढवावेत. थकलेल्या मनुष्यास न्यायासनावर बसविले, तर अन्यायाचा दोष बसविणाराकडेच जातो.