नावड्याच्या मातीतला जुना धातू : ओळखीची पद्धत

जमिनीतून निघालेली जुनी धातूची वस्तू हाती आली की माणसे विचारतात, कशाची आहे? मग, किती जुनी? आणि लगेच, किंमत किती येईल? या तिन्हींच्या आधी एक प्रश्न यायला हवा, आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो: ही वस्तू नेमकी कोणत्या मातीतून, किती खोलीवरून आणि कशाच्या सोबतीने निघाली? धातूची परीक्षा नंतर केव्हाही करता येते. वस्तूची जागा मात्र एकदाच पाहायला मिळते, कारण ती उचलताच जागा मोडते. या विवेचनाचा सगळा रोख त्या एका प्रश्नावर आहे, आणि तो समजून घेण्यासाठी नावडे हे गाव फार उपयोगी आहे.

पनवेल तालुक्यातले नावडे एका बाजूला तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे आणि दिवा-पनवेल लोहमार्ग गावाजवळून जातो. मूळचा हा भातखाचरांचा मुलूख. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईच्या उभारणीने पुढे या भागाचे रूप पालटले. त्यामुळे इथे पायाखाली एकच माती नाही. खाचरांची चिकट, काळपट मूळ माती आहे. खाडीच्या दिशेने उतरत गेले की क्षार धरलेली माती लागते. आणि रस्ते, इमारती, कारखाने यांच्यासाठी टाकलेला भराव आहे, जो दुसरीकडच्या टेकड्या फोडून, मुरूम खणून ट्रकने आणला जातो. भरावात सापडलेले नाणे खरे असू शकते, जुनेही असू शकते, पण ते नावड्याचे आहे असे म्हणता येत नाही. ते मूळच्या कोणत्या डोंगरउतारावर पडले होते, तिथे वस्ती होती की वाट, हे ट्रकच्या फेरीत पुसले गेले.

भराव ओळखणे अवघड नाही. त्यात मुरूम, विटांचे तुकडे, काँक्रीट, प्लास्टिक, काच एकत्र कालवलेली असते आणि थर दिसत नाहीत. मूळ खाचराच्या मातीत वरचा नांगरटीचा थर मऊ असतो, त्याखाली दाबली गेलेली घट्ट तळी लागते, आणि मुळांच्या वाटेवर गंजासारखे तांबूस डाग दिसतात. वस्तू नांगरटीच्या थरात असेल तर फाळाने ती इकडेतिकडे ओढलेली असते. त्या तळीच्या खाली, न ढवळलेल्या मातीत असेल तर तिच्या साक्षीला वजन येते. खड्ड्याच्या कडेला मोजपट्टी उभी धरून छायाचित्र काढायला दोन मिनिटेही लागत नाहीत, पण पुढे कितीही पैसा खर्चून ते छायाचित्र परत मिळत नाही.

आता यंत्राकडे वळू. प्रचलित मेटल डिटेक्टर वेटोळ्यातून कमी वारंवारितेचे चुंबकीय क्षेत्र सोडतो. जमिनीतल्या धातूत त्यामुळे भोवरप्रवाह निर्माण होतात आणि त्यांचा उलट परिणाम वेटोळे टिपते. पडद्यावर दिसणारा आकडा धातूचे नाव सांगत नाही. तो वाहकता, आकारमान आणि मांडणी यांचा एकत्रित परिणाम असतो. लहानसे सोने आणि डब्याचे ॲल्युमिनियमचे झाकण एकाच पट्ट्यात येऊ शकतात. मोठा, सपाट किंवा कड्यासारखा लोखंडी तुकडा, उदाहरणार्थ बैलगाडीच्या चाकावरची धाव, कधी कधी चांदी-तांब्यासारखा उंच सूर देतो. कोकणात आणखी एक अडचण आहे. आपला खडक बेसाल्ट आहे आणि त्यात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे भरपूर आहेत, त्यामुळे साधा धोंडाही धातू असल्याचा भास देतो. खाडीलगतची खारी, ओली माती स्वतःच वीजवाहक असते, म्हणून तिथे यंत्र वेगळ्या रीतीने फसते. परदेशातल्या गवताळ जमिनीवर जुळवलेली मांडणी इथे तशीच चालेल ही अपेक्षा धरू नये. यंत्राचा जमिनीशी समतोल दर ठिकाणी नव्याने साधावा लागतो.

वस्तू हाती आल्यावर प्रथम आकार पाहावा. या परिसरात सर्वांत जास्त निघतात ती शेतीची आणि घरची लोखंडी साधने: फाळ, विळा, कोयता, कुऱ्हाडीचे पाते, बैलाच्या खुराची नाल, अडकित्त्याचा दांडा. ही वर्गवारी सोपी असली तरी काळ सांगणे कठीण आहे. गावचा लोहार पिढ्यान्‌पिढ्या त्याच आकाराचा विळा घडवत आला, तेव्हा आकारावरून शतक ठरत नाही. खिळे मात्र बोलके असतात. चौकोनी छेदाचा, टोकाकडे निमुळता, घणाने डोके चपटे केलेला खिळा हाताने घडवलेला असतो. गोल छेदाचा, सारख्या जाडीचा खिळा तारेपासून यंत्रावर बनतो आणि त्याचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचा. काही धातू एकट्यानेच काळाची खालची मर्यादा बांधून देतात. विद्युत-विघटनाने ॲल्युमिनियम स्वस्तात मिळवण्याची पद्धत १८८६ मध्ये निघाली, म्हणून ॲल्युमिनियमची कोणतीही वस्तू ‘शिवकालीन’ असण्याचा प्रश्नच येत नाही. स्टेनलेस स्टील तर विसाव्या शतकाचे.

मग धातू. गंजाचा रंग ही पहिली खूण: लोखंड तांबूस-तपकिरी होऊन पापुद्रे सोडते, तांबे आणि कांसे हिरवट किंवा तपकिरी लेप धरतात, शिशावर पांढुरकी राखाडी साय येते, चांदी काळवंडते. लोहचुंबक लोखंडाला पकडतो, पण पूर्ण गंजलेल्या लोखंडावर त्याची पकड ढिली पडते. याहून विश्वासाची परीक्षा विशिष्ट गुरुत्वाची, आणि सोनाराच्या काट्यावर ती घरी करता येते. समजा एक नाणे हवेत ९.४० ग्रॅम भरले आणि दोऱ्याने पाण्यात टांगून ८.३४ ग्रॅम भरले. घट १.०६ ग्रॅम, म्हणून ९.४० ला १.०६ ने भागून गुरुत्व सुमारे ८.८७. शुद्ध तांब्याचे ८.९६, चांदीचे १०.४९, शिशाचे ११.३४, लोखंडाचे ७.८७, सोन्याचे १९.३ आहे, तेव्हा हे नाणे तांब्याचे मानायला हरकत नाही. गंजाचा थर जाड असेल तर उत्तर कमी येते, हे लक्षात ठेवून निष्कर्ष काढावा. क्ष-किरणांच्या यंत्राने मिळणारी टक्केवारी यापेक्षा नेमकी वाटते, पण ते यंत्र मुख्यतः पृष्ठभाग वाचते, आणि शतके मातीत राहिलेल्या मिश्रधातूचा पृष्ठभाग आतल्या गाभ्यासारखा राहत नाही. पितळेत जस्ताचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांपेक्षा फार वर असेल तर वस्तू फार प्राचीन असण्याबद्दल शंका घ्यावी, कारण तांब्यात जस्ताची वाफ मुरवण्याच्या जुन्या पद्धतीने तेवढे जस्त सहसा मिसळत नाही.

गुरुत्वाचा उपयोग गोळ्यांच्या बाबतीत विशेष होतो. कोकणात शिशाच्या लहान गोळ्या दोन कारणांनी सापडतात: बंदुकीच्या आणि मासेमारीच्या जाळ्याच्या. जाळ्याच्या वजनाला भोक किंवा खाच असते. बंदुकीच्या गोळीवर साच्याची शिवण असते आणि ओतताना राहिलेला दांडा छाटल्याची चपटी खूण असते. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश फौजेच्या बंदुकीची नळी सुमारे १९ मिलिमीटरची आणि गोळी साधारण १७.५ मिलिमीटरची. शिशाची एवढी गोळी ३२ ग्रॅमच्या आसपास भरते. त्याच व्यासाची लोखंडी गोळी २२ ग्रॅमच होईल. काट्यावर हा फरक लपत नाही.

नाण्यांबाबत उत्साह सर्वांत लवकर वाहवत जातो, म्हणून इथे थोडे थांबतो. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असे असले की लोक ती शिवाजी महाराजांच्या हातून निघालेली मुद्रा मानतात. भावना मला समजते आणि तिचा आदर वाटतो. पण शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झाली आणि त्याच मजकुराने पेशवाईत, अनेक टांकसाळींतून, पुढे दीर्घकाळ पाडली गेली. अक्षरांची घडण, काठावरच्या ठिपक्यांचे वलय, वजन, आणि उत्तरकालीन दुदांडी शिवराईवरच्या दोन समांतर रेघा पाहिल्याशिवाय काळ सांगणे ही घाई ठरेल. ईस्ट इंडिया कंपनीचे नाणे याउलट तारीखच सांगते. १७९१ पासून बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत मुंबई इलाख्यासाठी पाडलेल्या तांब्याच्या पैशावर कंपनीचे व्यापारचिन्ह, मागे तराजू आणि पारड्यांमध्ये फारसी लिपीत ‘अदल’ हा शब्द असतो. १८३५ च्या पाव आण्यावर सन स्पष्ट आहे, आणि मधोमध भोक असलेला पैसा १९४३ ते १९४७ मधला. पण नाणे कधी पाडले आणि ते जमिनीत कधी गेले, या दोन वेगळ्या तारखा आहेत. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये १३,२५० चांदीची नाणी निघाली. ती सगळी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या ९,२७० वर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. एकेका नाण्यात दोन राजवटी, आणि ठेव साहजिकच नंतरच्या राजवटीची.

हाच नियम वसईजवळच्या सोपाऱ्याने फार स्वच्छ शिकवला. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी बुरुड राजाच्या कोटाचा स्तूप उघडला. आत दगडी पेटी, त्यात तांब्याचा करंडक, त्याच्या पोटात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सोन्याचा. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. तेवढेच बाहेर आले असते तर सारी ठेव दुसऱ्या शतकाच्या आसपासची ठरली असती. पण तांब्याच्या करंडकाभोवती आठ ब्राँझच्या बुद्धमूर्ती बसवलेल्या होत्या, आणि त्या शैलीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या मानल्या जातात. स्तूप नंतर कधीतरी उघडला गेला आणि त्यात भर पडली हा निष्कर्ष सर्व वस्तू एकत्र, जागच्या जागी पाहिल्यामुळेच निघाला.

उलट बाजू दायमाबादची. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या या गावात झाडाची मुळे खणताना एका भिल्ल रहिवाशाला ओतीव धातूच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकत्रित वजन ६० किलोहून जास्त. भारतीय पुरातत्त्वातल्या या अत्यंत महत्त्वाच्या मूर्ती. तिथे पुढे काही वर्षे पुरातत्त्व सर्वेक्षणाचे उत्खनन झाले आणि त्या उत्तर-हडप्पा काळात बसवल्या गेल्या. पण मूर्ती स्वतः उत्खननातून, थरातून आलेल्या नाहीत. त्यांतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून अभ्यासकांनी शंका काढल्या आणि वाद राहिला. सापडणाऱ्याकडे दोष नाही, त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. पण कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात मिळालेली रोमन बनावटीची, पॉसायडन या समुद्रदेवाची छोटी मूर्ती पाहा. ती परदेशी, एकाकी, कोणत्याही संग्रहातून आली असे वाटण्यासारखी. सातवाहनकालीन वस्तीच्या संदर्भात, इतर भांड्या-वस्तूंसोबत ती मिळाल्यामुळे प्राचीन समुद्री व्यापाराचा भक्कम पुरावा ठरली. कल्याण, चौल आणि सोपारा ही नावे ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या प्राचीन समुद्रप्रवासवर्णनात आहेत, आणि पनवेलची खाडी या बंदरांच्या मधोमध पडते. म्हणूनच नावड्याच्या न ढवळलेल्या मातीतला शिशाचा लहानसा तुकडाही नोंद करण्याजोगा आहे.

साफसफाईबद्दल कळकळीने सांगायचे आहे. तांब्याच्या वस्तूला चिंच आणि मीठ लावून घासण्याची घरोघरची रीत देवघरातल्या तांब्याला ठीक, पण जमिनीतून निघालेल्या वस्तूला घातक. चिंचेतले आम्ल अक्षरे धरून ठेवणारा लेप काढून टाकते आणि मिठातले क्लोराइड धातूत शिरते. खाडीकडच्या वस्तूत ते आधीच असते. पृष्ठभागावर फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड पुन्हापुन्हा येत असेल तर क्षय आत चालू आहे. अशी वस्तू कोरडी करून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी आणि जाणत्याकडे न्यावी. लोखंडाचे पापुद्रेही ओढून काढू नयेत, मूळ आकार कित्येकदा गंजाच्या आतच शिल्लक असतो.

कायदाही जागेलाच महत्त्व देतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि त्यात ठेव्याचे स्वरूप, अंदाजे किंमत व सापडल्याचे ठिकाण लिहावे लागते. नावड्यासाठी ते कार्यालय अलिबागला. वाटप करण्याची वेळ आली आणि दुसरा करार नसेल तर सापडणाऱ्याला तीन-चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक-चतुर्थांश अशी तरतूद आहे. शासनाने ठेवा स्वतःकडे घेतला तर त्याच्या मूल्यावर एक-पंचमांश जास्त देऊन घ्यावा लागतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात सर्वसाधारण वस्तूंसाठी शंभर वर्षांची आणि हस्तलिखितांसाठी ७५ वर्षांची मर्यादा आहे. संरक्षित स्मारकाच्या क्षेत्रात तर परवान्याशिवाय खणताच येत नाही. नोंदवहीत तारीख, सर्व्हे क्रमांक, खोली, मातीचा रंग व प्रकार, भराव की मूळ थर, आजूबाजूची खापरे आणि वस्तूचे न घासलेले वजन इतके लिहिलेले असले, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अर्जाला आणि अभ्यासकाच्या टेबलाला तोच एक कागद पुरतो.