धापू, नकुशी आणि ब्राह्मी



आमच्याकडे दुसरी नात आली. बारशाआधी सूनबाईंनी मोबाइलवर नावांची यादी दाखवली. कियारा, विहाना, अनायशा... मी म्हटलं, ब्राह्मी ठेवा. सून म्हणाली, "मम्मी, ते केसांचं तेल आहे!" मलाही हसू आलं.

पण गोष्ट तेलाची नाही. ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला गणित, असं आपली परंपरा सांगते. त्या ब्राह्मी लिपीतले लेख आमच्या मावळात डोंगराडोंगरात आहेत. कामशेतजवळ पाले गावच्या लेण्यातला लेख तर अरिहंतांना नमस्कार करूनच सुरू होतो. तिथे नाव आहे इंद्ररक्षित या पुरुषाचं. बेडसे लेण्यात मात्र पाण्याच्या टाक्यावर एका बाईचं नाव आहे, सामडिनिका. महाभोजाची मुलगी, आपदेवणकाची बायको. लेणी बौद्धांची, दोन हजार वर्षांपूर्वीची. आज कोणी मुलीचं नाव सामडिनिका ठेवणार नाही, पण तिने दिलेलं टाकं अजून तिच्या नावावर आहे. कार्ल्यालाही कोडी नावाच्या भिक्षुणीने दिलेल्या दानाचा लेख आहे.

नाव जुनं होणं ही काही वाईट गोष्ट नाही. आपल्या मारवाडी घरांतली बदामबाई, पिस्ताबाई, पतासीबाई ही नावं आज ऐकली की मुलं हसतात. हसू देत. कोणीतरी लाडाने, तोंड गोड व्हावं म्हणूनच ठेवली असतील ना! विटाई-शोभाच्या शेजारी पिस्ताबाई मला तरी खमंग वाटते.

पण माझ्या आजेसासूबाईंचं नाव होतं धापू. धापणं म्हणजे पोट भरणं. मुली पुष्कळ झाल्या, धापलो, आता पुरे. आयुष्यभर त्या या हाकेला 'ओ' देत राहिल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला अर्थ माहीत नव्हता, मला ते नाव नुसतं गावठी वाटायचं. अर्थ कळला त्या दिवसापासून त्यांना हाक मारताना जीभ अडखळायला लागली.

हे फक्त आपल्यातच होतं असं नाही. मराठी घरांत नकुशी, नकुसा. मुलगी नको होती, म्हणून तेच नाव. आणि हे फार जुनंही नाही. 22 ऑक्टोबर 2011 ला साताऱ्यात समारंभ करून अशा 285 मुलींची नावं बदलली. प्रमाणपत्रं दिली, फुलं दिली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली, कोणी सावित्री. त्या दिवशी मी बातमी वाचून धापूबाईंच्या फोटोकडे बघत बसले. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

चंदनबालेचंही मूळ नाव वसुमती. राजाची मुलगी, कौशांबीच्या बाजारात विकली गेली. ज्या धनावह शेठने तिला घरी आणलं, त्याने तिला चंदना म्हटलं. पुढे महावीरांच्या छत्तीस हजार साध्वींची ती प्रमुख झाली. बाजारात उभी होती तेव्हा तीही कोणाला नको होती.

आता घरातली गोष्ट सांगते. नात झाल्याचं कळल्यावर नात्यातल्या एक वयस्कर बाई भेटायला आल्या. बाळाच्या हातात पैसे ठेवून म्हणाल्या, "दोन झाल्या, आता धापली म्हणा." माझ्या दुसऱ्या मुलीच्या वेळी असंच कोणीतरी बोललं होतं. तेव्हा मी बाळंतीण, खाली मान घालून गप्प बसले होते. सून आत झोपलेली होती, पण दार उघडं होतं. या वेळी मी म्हटलं, "आमच्या घरात एक धापू होऊन गेली. आता दुसरी नको." त्या चहा न घेताच गेल्या. जरा वाईट वाटलं, पण फार नाही.

बारशाला नाव सांगायचा मान भुवाचा. म्हणजे माझ्या त्याच दुसऱ्या मुलीचा. आम्ही सगळ्या आपापली यादी घेऊन तिच्या मागे लागलो होतो. तिने बाळाच्या कानात सांगितलं, राजुल. सुनेच्या यादीत ते नव्हतं, माझ्याही नाही. सून लगेच मोबाइल काढून स्पेलिंग बघायला लागली.